कापडखोलीतली शिक्षा

ये, जवळ ये. कागदावरून का होईना, जरा जवळ सरक. खऱ्या पायांनी यायला तुला कुठं सवड आहे? परवा घरी आलीस, आईनं वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलंस आणि सकाळच्या गाडीनं परत हॉस्टेलला पळालीस. आजीचं घर मागच्याच गल्लीत आहे, पण डोकावलीसुद्धा नाहीस. शोभतं का गं हे?

तुझ्या आईनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. नर्सिंगचं दुसरं वर्ष, झोप नाही, भूक नाही, एकच पान चार-चारदा वाचतेस आणि तरी म्हणतेस, "मला काहीच येत नाही. मी पेशंटच्या अंगाला हात लावायच्या लायकीची नाही." हे ऐकलं आणि मी निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली. कारण अगदी हेच मी एकदा बोलले होते. माझ्या वडिलांपाशी, दवाखान्याच्या फाटकात, ट्रंकेवर बसून.

तर आता ऐक. मधेमधे "आजी, तुमच्या वेळचं वेगळं होतं" म्हणायचं नाही. थर्मामीटर बदललं असेल, ताप तोच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी वळसंगच्या शाळेतून मॅट्रिक झाले आणि सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले. तो दवाखाना आता नाही, त्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिलेत. तेव्हा मात्र तिथं आमचं सगळं जग होतं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, वेण्या घालून वर बांधायच्या, सातच्या आत वॉर्डात. दुपारी वर्ग. संध्याकाळी परत ड्युटी. मग जेवण, आणि मग अभ्यास, म्हणजे डोळे उघडे ठेवून पुस्तकासमोर बसणं. पुस्तकं सगळी इंग्रजीत. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे गुरुजीच इंग्रजीला घाबरायचे, तिथं माझी काय कथा!

पहिलं वर्ष नव्या युनिफॉर्मच्या दिमाखात गेलं. गावी गेले की बायका दारात यायच्या, "डॉक्टरीण आली" म्हणायच्या, मीही फारसं दुरुस्त करायची नाही. दुसऱ्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. काय ते नेमकं सांगता येत नाही, पण सुरुवात कुठून झाली ते आठवतं. एकदा वर्गात ट्यूटरनी मला उभं करून इंग्रजीत प्रश्न विचारला. उत्तर येत होतं गं मला. मराठीत येत होतं. ते इंग्रजीत गोळा करेपर्यंत त्या पुढच्या मुलीकडं वळल्या. एवढंच. रागावल्या नाहीत की काही नाही. पण माझ्या मनानं घेतलं, आपल्याला जे येतंय असं वाटतं ते खरं नसतंच.

मग हे वर्गातून वॉर्डात आलं. सकाळी सगळ्या पेशंटांचा ताप बघायचं काम माझ्याकडं होतं. जिभेखाली थर्मामीटर, थांबायचं, काढायचं, उजेडाकडं धरून पारा वाचायचा, पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचं. त्यात काय मोठं? पण मी पेन टेकवलं की मनात यायचं, खरंच शंभर होतं का? तिरकं तर धरलं नव्हतं? मग परत झटकायचं, परत लावायचं. दुसऱ्यांदा थोडं वेगळं आलं की संपलंच, तिसऱ्यांदा लावायचं.

खिडकीजवळच्या पलंगावर मंद्रूपची एक आजी होती. मांडीला गळू होऊन आलेली. ते कापलं होतं आणि जखम छान भरत आली होती. तोंडाची मात्र लई फटकळ. मी तिसऱ्यांदा थर्मामीटर पुढं केलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

"बेडा गं यव्वा, बेडा!" चिडली की तिला कानडीच सुचायचं, नको बाई, नको. आणि मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मराठीत, "सारखं सारखं झाकण काढून बघितलं तर दही तरी लागंल का गं? एकदा काय ती काच लाव आन बाजूला व्हय की!"

सगळ्या बायका हसायच्या. मीही वरवर हसायची. आत मात्र वाटायचं, हिलासुद्धा कळलं की मला येत नाही.

खोलीवर माझी जोडीदारीण होती, सोलापुरातलीच, विणकराच्या घरची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि झोपेत दोन्ही. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघी जराशा लवंडलो होतो. ती ओरडत उठली तर काय, मी डोळे मिटलेलेच, आणि तिच्या पायथ्याशी वाकून तिच्यासकट गादीखाली चादर खोचतेय! पाय हलवता येईनात तिला.

"अगं मला पार्सल करायलीस का काय!" म्हणाली. "झोपेत तरी ड्युटी उतर की गं माय."

हसून हसून पुरेवाट झाली. पण नंतर तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तू जेवत नाहीस. परवापासून तुझी पोळी मी खायलीय, तुला माहीत तरी हाय का?" मला माहीत नव्हतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा माझा निम्मा वॉर्ड व्हायचा होता. ते एकेक तक्ता उचलत होते आणि तक्ते कोरे. त्यांनी मान वर करून आमच्या इन्चार्ज सिस्टरांकडं बघितलं. सिस्टर उंच, डावखुऱ्या, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. आरडाओरडा करणाऱ्या सिस्टरांची भीती नाही वाटत गं, असल्या हळू बोलणाऱ्यांची वाटते. राउंड संपल्यावर त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं.

"उद्यापासून तू लिनन रूममध्ये. मी सांगेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही."

लिनन रूम म्हणजे आमची कापडखोली. वॉर्डाला लागून एक लांबोडकी खोली, तीत चादरी, अभ्रे, कांबळी, फडक्यांचे गठ्ठे. वॉर्डातनं वापरलेलं कापड एका खिडकीतनं आत यायचं, धुतलेलं दुसऱ्या खिडकीतनं बाहेर जायचं. फाटलेलं शिवायचं, घड्या घालायच्या, धोब्याला गठ्ठे बांधून द्यायचे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला तिथं बसवणं म्हणजे गावभर दवंडीच. जेवणाच्या रांगेत मुली माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. एकीनं तर विचारलंच, "काय गं, आता परीट खात्यात का?" माझी जोडीदारीण तिला म्हणाली, "व्हय, तुझी जीभ द्यायचीय का धुवायला?" पण मला काही ते उसनं बळ पुरलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी मी घड्या घालता घालता बसल्या जागी झोपले. कशी झोपले माहीत नाही. उन्हाळ्याचे दिवस, वर्गांना सुट्टी, धुतलेल्या कापडाचा तो कोरडा वास, बाहेर सगळं सामसूम. जाग आली तेव्हा ऊन पार उतरलं होतं, मी चादरींच्या ढिगावर आडवी होते आणि माझ्या अंगावर एक पातळ चादर होती. नुसती टाकलेली नाही. पायाशी खोचलेली, कोपरे घालून.

तू आता बेड करायला शिकलीस, म्हणून तुला कळेल मी काय म्हणते ते. कोपरा दुमडायची रीत सगळ्यांना एकच शिकवतात, पाकिटासारखी. पण प्रत्येकीचा कोपरा वेगळा पडतो. कुणाचा फुगतो, कुणाचा सैल सुटतो. त्या चादरीचा कोपरा उलट्या बाजूनं दुमडलेला होता. सबंध दवाखान्यात डाव्या हाताची घडी एकाच बाईची.

सिस्टर येऊन बघून गेल्या, म्हणजे आता कापडखोलीतूनही बाहेर! संध्याकाळभर वाट बघत बसले कधी बोलावणं येतंय. आलं नाही. दुसऱ्या दिवशी आयाबाईबरोबर निरोप तेवढा आला, "सिस्टर म्हणतात, जेवण झाल्यावर कापडखोलीचं दार लोटून घेत जा. धूळ येते आत."

कसली धूळ? झाडाचं पान हलत नव्हतं. पण मी दार लोटून घेतलं, आणि परत झोपले. रोज झोपायला लागले. आणि झोप झाली की भूक लागते, हे मी नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तिथं शिकले. जोडीदारीण कुरकुरायला लागली, "आता माझी पण पोळी तूच खायलीस की!"

असं असलं तरी मनातनं ठरवलं होतं, आता बास. शरीर भरून आलं म्हणून मन भरून येतंच असं नाही. वडील, आमचे आण्णा, दर रविवारी भेटायला यायचे, या रविवारी त्यांच्याबरोबर जायचं, ते कायमचं. शुक्रवारी मी सिस्टरना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, थांब म्हणतील, निदान रागावतील. त्या चष्म्यातून बघून म्हणाल्या, "बरं." आणि परत लिहायला लागल्या. बरं! त्या एका शब्दानं मला जितकं लागलं तितकं कापडखोलीनंसुद्धा लागलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. कापडखोलीत बसून मला पेशंट दिसत नव्हते, पण त्यांच्या चादरी दिसत होत्या. प्रत्येक चादरीच्या कडेला पलंगाचा नंबर घातलेला असायचा. एरवी चादरी सकाळी बदलतात. पण खिडकीजवळच्या पलंगावरची, म्हणजे माझ्या मंद्रूपच्या आजीची चादर, सोमवारी दिवस कलता कलता ओली होऊन आली. आयाबाई म्हणाली, "तांब्या लवंडला म्हातारीचा." बुधवारी परत आली. परत तांब्या. शुक्रवारी, मी सिस्टरांचं ते "बरं" ऐकून येऊन बसले होते, डोळे पुसत होते, तेव्हा तिसऱ्यांदा आली.

मी ती हातात घेतली आणि डोळे पुसायचे थांबले. तांब्या लवंडला तर पाणी एका जागी सांडतं, ओघळ जातो. ही चादर मानेपासून कमरेपर्यंत ओली होती, माणसाच्या पाठीच्या मापानं. नाकाशी धरली. पाण्याला असा आंबूस वास नसतो. हा घाम होता. पिळून निघावं असा घाम. आणि एक दिवसाआड.

आमच्याकडं लहान पोरालासुद्धा माहीत असतं, एक दिवसाआड थंडी वाजून येतो आणि घाम फोडून उतरतो तो ताप कुठला. तक्त्यावर मात्र सकाळी ताप नाही, संध्याकाळी ताप नाही. असणार कसा? म्हातारी दुपारी, सगळा वॉर्ड पेंगत असताना, डोक्यावरून चादर घेऊन कुडकुडायची आणि संध्याकाळी आम्ही थर्मामीटर घेऊन यायच्या आत घाम येऊन मोकळी व्हायची. का लपवत होती तेही आयाबाईच्या बोलण्यातून मला माहीत होतं. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सोमवारी म्हातारीला घरी सोडणार होते. ताप निघाला तर कोण सोडतंय?

शनिवारी सकाळी मी सिस्टरांच्या टेबलापाशी उभी राहिले. आणि गंमत बघ, हे सगळं सांगताना मी एकदाही अडखळले नाही. ती चादर मी परत परत तपासलीही नव्हती. एकदा बघितली, एकदा हुंगली, कळलं.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "मोजलाय का तू ताप?"

"नाही सिस्टर. तुम्हीच सांगितलंय, पेशंटला हात लावायचा नाही."

"मग आज बघू दुपारी."

"आज नाही येणार. उद्या येईल. जेवणं झाली की."

"उद्या तर तू गावी चाललीस ना?"

"यष्टी चारची आहे."

त्या किंचित हसल्यासारख्या झाल्या. "मग जेवणानंतर ये. तूच लाव. पण एकदाच. दुसऱ्यांदा लावायचं नाही, आणि मी तपासणार नाही. तू सांगशील तो आकडा मी तक्त्यावर लिहीन."

शनिवारची रात्र कशी गेली ते विचारू नकोस. नको, सांगतेच. छान झोपले. सवयच लागली होती ना.

रविवारी दुपारी आण्णा आले. धोतराचा सोगा सावरत फाटकाशी उभे. पुरुषांना हॉस्टेलात यायची बंदी, म्हणून ट्रंक मी आणि जोडीदारणीनं फाटकापर्यंत वाहून आणली. ती रडून परत गेली. मी ट्रंकेवर बसले आणि आण्णांना ते वाक्य बोलले, जे तू तुझ्या आईला बोललीस.

आण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग म्हणाले, "बरं. मग घरी म्हशीच्या अंगाला तरी हात लावशील का, का तितं बी लायकी न्हाय?"

"आण्णा!"

"न्हाय, मी आपलं इचारून ठेवतो. म्हस लई आशेनं बसलीया."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. म्हटलं, "तुमी हितंच लिंबाखाली बसा. माझं आत एक काम राहिलंय. आलेच."

वॉर्ड पेंगत होता. बाहेर सोलापूरचं ऊन, पत्रा तापलेला, आणि खिडकीजवळच्या पलंगावर म्हातारी दोन कांबळी अंगावर घेऊन मुटकुळं करून पडलेली. पलंग हलत होता.

"आजी, थंडी वाजतीय?"

"न्हाय गं. सवय हाय." दात कडकडा वाजत होते आणि म्हणतीय सवय हाय!

मी थर्मामीटर झटकलं. जिभेखाली लावायला गेले आणि थांबले. त्या दातांनी काचेचा चुरा झाला असता. मग काखेत लावलं, तिचा दंड अंगाशी धरून ठेवला आणि तशीच बसून राहिले. सिस्टर पलीकडं टेबलापाशी उभ्या होत्या. वळूनही बघत नव्हत्या.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. बारीक आवाजात म्हणाली, "लेक अवघडलीया गं माझी. उद्या जाऊ दे मला."

"ताप घेऊन बाळंतिणीपाशी बसणार होता व्हय आजी? तितं तुमीच अंथरुणाला खिळला तर लेकीनं तुमचं करायचं का बाळाचं?"

तिनं माझा हात घट्ट धरला.

वेळ झाल्यावर काढलं. उजेडाकडं धरलं. पारा वाचला. मनात ते नेहमीचं उठलंच, खरंच का? पण त्याच्या आत मी तोंड उघडलं होतं.

"एकशे तीन. काखेत."

"काखेत का?" सिस्टरांनी विचारलं.

"दात वाजतायत सिस्टर. काच फोडली असती."

त्यांनी मान हलवली, तक्ता उचलला आणि डाव्या हातानं त्यावर एकशे तीन लिहिलं. थर्मामीटर मागितलं नाही. माझ्या बोटांतच राहिलं ते. आयुष्यात पुढं कितीतरी गोष्टी मिळाल्या, पण त्या तक्त्यावर न तपासता पडलेल्या माझ्या आकड्याएवढं मला कशानं उंच केलं नाही.

डॉक्टरांना बोलावणं गेलं, रक्त तपासायला घेतलं, हिवतापच निघाला. औषध सुरू झालं आणि म्हातारी आठवडाभरानं धड होऊन, मला मनसोक्त शिव्या घालून घरी गेली. वेळेत पोचली. पुढं नातवाला घेऊन दाखवायला आली तेव्हा वॉर्डाच्या दारातनंच ओरडली, "कुटं हाय ती दही बघणारी?"

पण ते पुढचं. त्या दुपारी मी निघताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला वॉर्डात कुणीतरी लागेल. ताप बघायला." आणि परत लिहायला लागल्या. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत.

मी फाटकापाशी आले. आण्णा लिंबाखाली ट्रंकेला पाठ टेकून बसले होते.

"चला म्हणतीस? यष्टी सुटंल."

"आण्णा, तुमी जावा. मी राहते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ट्रंकेकडं बघितलं. "मग ही ट्रंक कशाला आणलीस हितवर?"

"तुमाला दाखवायला."

"बघितली. चांगली हाय. आता ने वर." उठले, धोतर झटकलं. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "म्हशीला सांगतो मग, तुझं काय खरं न्हाय म्हणून."

ट्रंक मी एकटीनं वर नेली. वाटेत बसत बसत, पण नेली.

दुसऱ्या दिवसापासून लगेच सगळं सोपं झालं असं सांगून तुला फसवणार नाही. इंग्रजीत मी शेवटपर्यंत अडखळले. तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंना म्हटलं, मला मराठीत नीट सांगता येतं, तर त्या म्हणाल्या, सांग की मग. इतकं सोपं होतं ते, फक्त विचारायचं राहिलं होतं. ती "खरंच का?" अशी शंका मात्र अजूनही येते, परवा तुझ्या आजोबांचं बीपी घेताना आलीच. येऊ दे. तिला दारात उभी ठेवायची आणि आपला आकडा बोलून टाकायचा.

नंतर मी स्वतः इन्चार्ज झाले तेव्हा अशा मुली मला लांबून ओळखू यायला लागल्या. हुशार, कष्टाळू, आणि स्वतःच्याच हातावर भरवसा नसलेल्या. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही, त्याला वाटतं आपण मठ्ठ आहोत. त्यांना मी काही भाषण दिलं नाही. कापडखोलीत पाठवायची. माझ्या नावानं बोटं मोडायच्या त्या. मग कधीतरी एखादी तावातावानं टेबलापाशी यायची, "मला वॉर्ड परत द्या" म्हणायची, आणि मी म्हणायची, "बरं."

आता माझ्याकडं कापडखोली नाही. पण आतल्या खोलीत तुझ्यासाठी पलंग घातलाय, धुतलेली चादर अंथरलीय, कोपरे मी स्वतः दुमडलेत. येऊन बघ आणि नावं ठेव. पुस्तक आणलंस तरी चालेल, पण वाचायचं ते झोप झाल्यावर, आणि एक पान एकदाच. शेंगाचटणी कुटून ठेवलीय, ताक आहे. दुपारी मी दार लोटून घेईन. धूळ येते गं आत.

या रविवारी ये. आईला सांगू नकोस वाटलं तर, सरळ माझ्याकडंच उतर. पण लवकर ये बाळा.